सभागृहाला दिलेल्या उत्तराची किंमत

मुंदडा प्रकरणाचा उल्लेख निघाला की त्याच्या पाठोपाठ एक विशिष्ट शहाणपणाचा युक्तिवाद हटकून ऐकू येतो. तो करणारी माणसे लबाड नसतात. बहुधा ती कारभारात मुरलेली, दप्तरे हाताळलेली, मंत्र्यांच्या आणि सचिवांच्या अडचणी जवळून पाहिलेली असतात, आणि म्हणूनच त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेता येत नाही. फिरोज गांधी यांनी १६ डिसेंबर १९५७ रोजी लोकसभेत केलेले भाषण, असे ते सांगतात, फार तर एका वाक्पटू सभासदाची एक दिवसाची करामत होती. आयते हाती आलेले गोपनीय कागद त्यांनी वाचून दाखवले, आणि त्यामागे सासरे पंतप्रधान नेहरू यांच्याविषयीची अढी होती. खरे काम केले ते न्यायमूर्ती छागला यांच्या चौकशीने, आणि त्या चौकशीने तरी काय केले, तर ज्या व्यवहाराची धड वार्ताही अर्थमंत्र्यांना नव्हती त्या व्यवहारापायी एका कर्तबगार अर्थमंत्र्याचा बळी घेतला. पुढे तेच गृहस्थ पाचसहा वर्षांत पुन्हा अर्थखात्यावर येऊन बसले, तेव्हा एवढ्या आटापिट्यातून निष्पन्न काय झाले? या युक्तिवादातील एकेक विधान सुटे घेतले तर त्यात तथ्याचा अंश सापडतो. सगळी एकत्र गुंफून जो निष्कर्ष पुढे केला जातो तो मात्र माझ्या मते साफ चुकीचा आहे.

फिरोज गांधी यांना भ्रष्टाचाराच्या राक्षसावर एकटे तुटून पडणारे वीरपुरुष म्हणून रंगवणारा दुसरा एक संप्रदाय आहे, आणि वरील शहाणपण हे पुष्कळ अंशी त्या भडक चित्राचा उबग आल्यामुळे उपजलेले आहे, हे मी जाणतो. त्या चित्राची वकिली मला करावयाची नाही. फिरोज गांधी एकटे नव्हते; सत्ताधारी बाकांवर त्यांना साथ देणारे होते, विरोधी बाकांवर तर होतेच, आणि या व्यवहाराबद्दलचा पहिला प्रश्न त्यांनी नव्हे तर काँग्रेसचेच डॉ. राम सुभग सिंह यांनी त्या वर्षीच्या सप्टेंबरात विचारला होता.

मूळ व्यवहार थोडक्यात असा. १९ जानेवारी १९५६ रोजी अध्यादेश काढून केंद्र सरकारने देशातील २४५ विमा संस्थांचे व्यवस्थापन ताब्यात घेतले, आणि त्याच वर्षीच्या १ सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळ अस्तित्वात आले. हा निर्णय घेणारे अर्थमंत्री होते आपले चिंतामणराव देशमुख. ज्या संस्था या राष्ट्रीयीकरणात विलीन झाल्या त्यांत मुंबईची बॉम्बे म्युच्युअल होती, साताऱ्याची वेस्टर्न इंडिया होती. त्यांचे विमेदार म्हणजे शाळामास्तर, तलाठी, गिरणीतले जॉबर, कचेरीतले कारकून, पगार झाला की हप्त्याची रक्कम आधी बाजूला काढून पावती पेटीच्या तळाशी जपून ठेवणारी माणसे. खाजगी कंपन्यांचे मालक हा पैसा आपल्या इतर धंद्यांत फिरवतात, हे राष्ट्रीयीकरणाचे एक मुख्य कारण म्हणून सांगण्यात आले होते. मग या महामंडळाला वर्षही पुरते झाले नव्हते तोच, जून १९५७ च्या अखेरच्या आठवड्यात, महामंडळाने हरिदास मुंदडा या कलकत्त्याच्या सट्टेबाज उद्योगपतीच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे भाग खरेदी केले: जेसप, ऑस्लर लॅम्प, अँजेलो ब्रदर्स, स्मिथ स्टॅनिस्ट्रीट, कानपूरची ब्रिटिश इंडिया कॉर्पोरेशन, आणि आपल्या भायखळ्याची रिचर्डसन अँड क्रुडास. मुंदडा त्या वेळी कर्जात बुडालेले होते. दोनचार दिवसांत सौदा उरकला. दर बाजारभावापेक्षा चढे होते. आणि असल्या गुंतवणुकीचा विचार करण्यासाठीच जी गुंतवणूक समिती नेमलेली होती तिला आधी विचारलेही गेले नाही. सौद्याची चक्रे फिरवली ती दिल्लीत अर्थसचिव एच. एम. पटेल यांनी, असे पुढे उघड झाले.

आता फिरोज गांधी यांनी केले काय, हे नीट पाहिले पाहिजे, कारण आक्षेपकांची सारी भिस्त ते न पाहण्यावर आहे. मुंदडांनी पैसे खाल्ले, अमक्याने लाच घेतली, असा आरोप करून सभागृह दणाणून सोडणे हा सोपा मार्ग होता आणि तो त्यांनी धरला नाही. त्यांनी धरला तो हिशेबाचा मार्ग. कोणते भाग, कोणत्या तारखेला, कोणत्या दराने, त्याच दिवसांत बाजारात काय भाव होता, खरेदीचा निर्णय कोणी घेतला, कोणाला विचारले आणि कोणाला विचारले नाही, या क्रमाने ते एकेक पायरी उतरत गेले. कुलकर्ण्याने कीर्द आणि खतावणी समोरासमोर ठेवून ताळा पाहावा तसा तो प्रकार होता. आणि या ताळ्याची दुसरी बाजू होती सरकारने सभागृहाला दिलेली उत्तरे. सप्टेंबरातल्या प्रश्नाला आणि नोव्हेंबरातल्या प्रश्नाला सरकारतर्फे जी उत्तरे आली होती, त्यांच्यातून ऐकणाऱ्याचा ग्रह असा व्हावा की महामंडळ ही स्वायत्त संस्था, तिने आपल्या अखत्यारीत काही भाग खरेदी केले, अर्थखात्याचा त्यात म्हणण्यासारखा संबंध नाही. फिरोज गांधी यांच्याजवळ अर्थसचिव आणि महामंडळाचे अध्यक्ष यांच्यातल्या पत्रव्यवहाराचा आधार होता. आणि तो आधार समोर येताच ही उत्तरे टिकेनात.

माझ्या मते त्यांची सारी कामगिरी या एका ठिकाणी आहे. सरकारी पैशाचा गैरव्यवहार शोधून काढणे हे काम हिशेबतपासनीस करू शकतो, पोलीस करू शकतात, एखादा चिकाटीचा वार्ताहरही करू शकतो. मंत्र्याने सभागृहाला जे सांगितले ते आणि दप्तरात जे लिहिलेले आहे ते यांची गाठ घालून, या दोहोंतील अंतराचा जाब मंत्र्याला सभागृहातच विचारणे, हे काम मात्र सभासदावाचून दुसऱ्या कोणाला करताच येत नाही. ज्याला आपण उत्तरदायी शासन म्हणतो ते या क्रियेत असते किंवा नसते. संविधानाच्या ७५व्या अनुच्छेदात मंत्रिमंडळ लोकसभेला सामूहिक रीतीने जबाबदार असल्याचे लिहिले आहे, पण ते लिहिलेले वाक्य अमलात आणायला तारांकित प्रश्नाची सूचना वेळेवर देणारा, पुरवणी प्रश्न तयार ठेवणारा, गुळमुळीत उत्तर मिळाल्यावर गप्प न बसणारा कोणीतरी लागतो.

आता छागलांच्या श्रेयाचा मुद्दा. न्यायमूर्ती एम. सी. छागला हे तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती. एकसदस्य आयोगाचे काम त्यांनी मुंबईत, उघडपणे, सर्वांच्या कानांदेखत चालवले. लोकांची इतकी गर्दी लोटली की बाहेर ध्वनिक्षेपक लावावे लागले. अर्थमंत्री, अर्थसचिव, रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर, महामंडळाचे अध्यक्ष यांच्या जबान्या भररस्त्यात उभ्या राहिलेल्या माणसांनी ऐकल्या. महान्यायवादी मो. चि. सेटलवाड यांनी आयोगाला साहाय्य केले, आणि सरकारचे वकील असूनही सरकारला सोयीचे ते बोलण्याचे बंधन त्यांनी मानले नाही. जानेवारीत सुरू झालेली चौकशी १० फेब्रुवारी १९५८ रोजी अहवालासह संपली. आज आपल्याकडील आयोग मुदतवाढीवर मुदतवाढ घेत वर्षानुवर्षे रेंगाळतात आणि अहवाल येतो तेव्हा साक्षीदारांपैकी निम्मे स्वर्गवासी झालेले असतात, हे पाहिले म्हणजे त्या चार आठवड्यांपुढे मान लवते. ध्वनिक्षेपकांमुळे चौकशीला थोडे जत्रेचे रूप आले, हेही मला मान्य आहे. न्यायासनाने इतक्या टाळ्यांच्या सान्निध्यात बसू नये, असे म्हणणाऱ्यांशी मी वाद घालणार नाही.

परंतु हा आयोग आकाशातून पडला नव्हता. कोणत्याही सरकारने आपल्याच अर्थखात्याची चौकशी हौसेने नेमलेली नाही; हे सरकारही अपवाद नव्हते. १६ डिसेंबरच्या चर्चेनंतर चौकशी टाळणे अशक्य झाले म्हणून ती नेमली गेली. शिवाय आयोगापुढे जे प्रश्न आले, म्हणजे सौदा कोणी ठरवला, दर काय होता, समितीला का टाळले, मंत्र्यांना काय ठाऊक होते, त्या प्रश्नांची मांडणी सभागृहात आधीच झालेली होती. छागलांनी स्वतः हे ओळखले होते. त्यांच्या अहवालाच्या शेवटी जी तत्त्वे त्यांनी सांगितली त्यांत एक असे आहे की, संसदीय राज्यपद्धतीत मंत्र्यांनी पहिल्याच संधीला सारी हकीकत संसदेपुढे ठेवून तिला विश्वासात घेतले पाहिजे, म्हणजे तीच माहिती संसदेला दुसरीकडून मिळाल्यावर उद्भवणारी नामुष्की टळते. एका न्यायाधीशाने हा सिद्धांत लिहिला खरा, पण ही ‘दुसरीकडून’ माहिती कोणी मिळवली होती? छागलांना श्रेय देताना फिरोज गांधी यांचे श्रेय वजा करण्याची ही जी पद्धत आहे ती छागलांच्याच अहवालाशी विसंगत आहे.

यापुढचा आक्षेप सर्वांत भक्कम आहे, आणि तो भल्या माणसांनी केलेला आहे, खुद्द पंतप्रधान नेहरूंनीही. अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांचा राजीनामा स्वीकारताना नेहरूंनी असा अभिप्राय दिला की या व्यवहारात त्यांचा स्वतःचा वाटा अत्यल्प होता. कृष्णम्माचारी यांचेही म्हणणे तेच: पटेलांनी केले ते आपल्या संमतीवाचून केले. ते खरे धरून चालू. त्यांनी एक कपर्दिकही घेतली नाही, हे तर कोणीच नाकारलेले नाही. मग न केलेल्या कृत्याबद्दल मंत्र्याला घरी पाठवणे हा न्याय कसा, असे विचारले जाते. आणि शेजारी लालबहादूर शास्त्री यांचे उदाहरण ठेवून असेही सुचवले जाते की खरी नैतिक जबाबदारी आपणहून घेतली जाते, चर्चेच्या दडपणाखाली ती वसूल करणे म्हणजे तिचा अपभ्रंश.

शास्त्रीजींचे उदाहरण या वादात नेहमी चुकीच्या बाजूने उभे केले जाते. नोव्हेंबर १९५६ मध्ये अरियलूर येथे रेल्वेचा भीषण अपघात झाला आणि रेल्वेमंत्री या नात्याने शास्त्रींनी राजीनामा दिला. रूळ शास्त्रींनी वाहून नेले नव्हते. पूर त्यांनी आणला नव्हता. त्यांच्या बाबतीत ‘मला ठाऊक नव्हते’ ही सबब कृष्णम्माचारींपेक्षा कितीतरी पटींनी खरी होती, आणि तरीही ती त्यांनी पुढे केली नाही. त्याआधी दोन वर्षे इंग्लंडात क्रिचेल डाऊन नावाच्या ७२५ एकर जमिनीच्या प्रकरणात, खात्यातील अधिकाऱ्यांचे वर्तन सदोष ठरल्यावर, शेतकी मंत्री सर टॉमस डगडेल यांनी पद सोडले. त्यांनीही स्वतः लबाडी केली होती असे कोणी म्हटले नव्हते. म्हणजे मंत्र्याची जबाबदारी ही त्याच्या वैयक्तिक अपराधावर अवलंबून नाही, हा सिद्धांत तेव्हा नवा नव्हता आणि दूरचाही नव्हता. छागलांनी तो पुन्हा सांगितला इतकेच: आपल्या क्षेत्रात मंत्र्याला पूर्ण अधिकार असतो, आणि म्हणूनच आपल्या हाताखालच्यांच्या कृत्यांची पूर्ण जबाबदारीही त्याच्यावरच येते, यश आले की ते खात्याचे म्हणून मंत्र्याने मिरवायचे आणि अपयश आले की सचिवाकडे बोट दाखवायचे, हे चालणार नाही.

स्वायत्ततेचा प्रश्नही येथेच सुटतो. महामंडळ स्वायत्त आहे ही गोष्ट खरी असती, तर महामंडळाच्या अध्यक्षांना दिल्लीहून सूचना जायला नको होती. आणि सूचना गेली असेल, तर ती देणाऱ्या खात्याच्या मंत्र्याला स्वायत्ततेच्या आड लपता यायला नको होते. दोन्ही सोयी एकाच वेळी उपभोगता येत नाहीत. छागलांनी हेही स्वच्छ लिहिले: सरकारने स्वायत्त महामंडळांच्या कामात हात घालू नये, आणि घातलाच तर त्याची जबाबदारी झटकू नये. आजही एखाद्या सार्वजनिक बँकेच्या बुडीत कर्जाबद्दल सभागृहात प्रश्न विचारला की उत्तर येते, बँक आपले निर्णय स्वतः घेते. आणि त्याच बँकेला एखादी योजना राबवायला लावायची असली म्हणजे तिच्या अध्यक्षाला मंत्रालयातून बोलावणे येते. १९५७ साली जी ढाल फुटली, ती आपण पुन्हा ओतून घेतली आहे.

आणि यापलीकडे एक गोष्ट आहे, जी नेहरूंच्या उदार पत्रातही आलेली नाही. कृष्णम्माचारी यांना व्यवहाराची पूर्वकल्पना नव्हती असे घटकाभर मानले, तरी जून उलटून गेला, सप्टेंबरात प्रश्न आला, नोव्हेंबरात पुन्हा आला. या मुदतीत खात्याचे दप्तर त्यांच्या हाताशी होते, सचिव त्यांच्या दालनापासून चार पावलांवर होता. प्रश्नाला उत्तर देण्यापूर्वी मंत्री खात्याकडून टिपण मागवतो, पुरवणी प्रश्नांची तयारी करून घेतो. ही रोजची रीत आहे. त्या टिपणात काय होते ते न पाहता उत्तर दिले असेल तर ती बेपर्वाई, आणि पाहून दिले असेल तर ती त्याहून वाईट गोष्ट. जूनमधील सौदा पटेलांचा असेल. नोव्हेंबरातील उत्तर मंत्र्यांचे स्वतःचे होते, ते कोणत्याही सचिवाच्या नावावर खर्ची टाकता येत नाही. ‘त्यांना ठाऊक नव्हते’ असे कळवळून सांगणारे आक्षेपक सौद्याच्या तारखेवर थांबतात, उत्तराच्या तारखेपर्यंत येतच नाहीत.

या संदर्भात एक जुनी गोष्ट आठवते. १९५१ साली, हंगामी संसदेत, एच. जी. मुद्गल या सभासदावर मुंबईच्या सराफी व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून मोबदला घेऊन सभागृहात तिची तरफदारी केल्याचा आरोप आला. त्याची चौकशी करून हे वर्तन सभागृहाच्या प्रतिष्ठेला बाधक आहे असा निष्कर्ष ज्या समितीने काढला, त्या समितीचे अध्यक्ष होते टी. टी. कृष्णम्माचारी. सभागृहाशी असलेल्या प्रामाणिकपणाचे मोल किती, हे त्या काळात कोणाला समजावून सांगायची गरज असलीच, तर ती त्यांना खचितच नव्हती.

अर्थात मुंदडा प्रकरणात अधिकाऱ्यांचे जे झाले त्याबद्दल मला समाधान नाही. पटेलांवर पुढे न्या. विवियन बोस यांच्या मंडळाची चौकशी बसली, एका बुद्धिमान अधिकाऱ्याची नोकरी त्यात संपली. तेच पटेल १९७७ साली अर्थमंत्री झाले, ही नियतीची गंमत वेगळी. कलकत्त्याचा शेअरबाजार कोसळू नये म्हणून खरेदी केली, हा त्यांचा बचाव छागलांनी मान्य केला नाही, आणि ते योग्यच होते. पण सचिव एकटाच इतका धाडसी होतो कसा, हा प्रश्न उरतोच. तो जर उरत असेल तर त्याचे ओझे मंत्र्याच्या बाजूला पडते, हे आक्षेपकांच्या लक्षात येत नाही.

सासऱ्यांविषयीच्या अढीबद्दल फार लिहावे असे मला वाटत नाही. माणसाच्या मनात काय होते हे त्याच्या घरच्यांनाही पुष्कळदा ठाऊक नसते. पण अढी हे कारण धरले तर पुढील गोष्टींचा उलगडा होत नाही. डिसेंबर १९५५ मध्ये विमा कायद्यावरील चर्चेत फिरोज गांधी यांनी रामकृष्ण दालमिया यांच्या भारत इन्शुरन्स कंपनीच्या कारभाराचे वाभाडे काढले. त्यात नेहरूंचा कोणता अपमान होता? उलट राष्ट्रीयीकरणाची वाट त्या भाषणाने मोकळी केली आणि दालमियांना पुढे कारावास घडला. टाटांच्या टेल्को कारखान्यातील आगगाडीच्या इंजिनांची किंमत जपानी इंजिनांच्या मानाने अवाच्या सवा असल्याचे दाखवून त्या कारखान्याचे राष्ट्रीयीकरण करा, असेही तेच म्हणाले. जन्माने पारशी, मुंबईत जन्मलेला माणूस टाटांवर घसरतो तेव्हा त्यात कोणाविषयीची अढी शोधायची? या तिन्ही भाषणांत सूत्र एक आहे: लोकांच्या पैशाचा हिशेब.

पक्षशिस्तीचा आक्षेप अधिक गंभीर वाटतो, कारण तो आजच्या व्यवहाराला जाऊन भिडतो. सत्ताधारी पक्षाच्या सभासदाने आपल्याच मंत्र्याला सभागृहात असे उघडे पाडावे काय. काही सांगायचे होते तर पक्षाच्या बैठकीत सांगायचे, पंतप्रधानांच्या घरी तर त्यांचा राबता होताच. हे ऐकले की मला चिंतामणराव देशमुखांची आठवण होते. जुलै १९५६ मध्ये मुंबई महाराष्ट्रापासून तोडून केंद्रशासित करण्याच्या निर्णयावरून त्यांनी अर्थमंत्रिपद सोडले तेव्हा त्यांनी केवळ मुंबईचा प्रश्न मांडला नाही. असा निर्णय मंत्रिमंडळात रीतसर चर्चा न होता घेतला गेला, हा कार्यपद्धतीचा आक्षेपही त्यांनी लोकसभेत उभे राहून नोंदवला. महाराष्ट्राने त्यांना त्याबद्दल डोक्यावर घेतले, ते शिस्तभंग करणारे म्हणून नव्हे. घरातले बोलणे घरात राहावे हा नियम कुटुंबाला ठीक आहे. सभागृह हे पक्षाचे घर नाही, आणि ज्या मतदारसंघाने माणसाला निवडून दिलेले असते त्या रायबरेलीच्या मतदाराला पक्षाच्या बैठकीत कोणी बोलावत नाही. शिवाय सरकारला जाब विचारण्याचे काम विरोधकांवरच सोडले तर बहुमताच्या काळात ते कोणी करायचेच नाही असे ठरते. १९५७ साली लोकसभेत काँग्रेसचे बहुमत प्रचंड होते आणि विरोधक विखुरलेले होते, ही परिस्थिती आपणांस अपरिचित नाही.

गोपनीय कागदांचा प्रश्न राहिला. सरकारी पत्रव्यवहार बाहेर जाणे अनिष्ट, हे मान्य. परंतु ज्या पत्रातील मजकूर सभागृहाला दिलेल्या उत्तराशी विसंगत आहे, त्या पत्राची गोपनीयता राखायची ती कोणाच्या हितासाठी? राज्याच्या संरक्षणाचा त्यात प्रश्न नव्हता. भायखळ्याच्या आणि कलकत्त्याच्या कारखान्यांचे भाग काय भावाने घेतले, एवढाच प्रश्न होता. दप्तर बंद ठेवण्याचा हक्क सरकारने वापरावा तो दप्तरातील सत्य सभागृहाला सांगून.

अखेरचा आक्षेप निष्फळतेचा. कृष्णम्माचारी १९६२ साली मंत्रिमंडळात परतले आणि पुढच्या वर्षी पुन्हा अर्थमंत्री झाले, हे खरे आहे. मुळात त्यांना कायमचे हद्दपार करावे असे कोणी म्हटलेच नव्हते. मंत्र्याने सभागृहाला जबाब न दिल्याची किंमत मोजायची असते; ती मोजून झाल्यावर त्याची योग्यता पुन्हा जोखण्याचा अधिकार पंतप्रधानांना आणि मतदारांना असतो. राजीनाम्याला जन्मठेपेच्या मापाने मोजणारे लोकच राजीनामे दुर्मीळ करून ठेवतात, कारण एकदा गेलो की संपलो अशी धास्ती बसलेला मंत्री खुर्चीला अधिकच घट्ट धरून बसतो. आज एखाद्या मंत्र्याला सभागृहात चुकीचे उत्तर दिल्याबद्दल पद सोडावे लागल्याचे शेवटचे उदाहरण आठवायला सांगितले तर आपल्यापैकी किती जणांना चटकन नाव घेता येईल?

निष्पत्ती शोधायचीच असेल तर ती राजीनाम्यापलीकडे, एका आटोपशीर कायद्यात शोधावी. संविधानाच्या १०५व्या अनुच्छेदाने सभासदाला सभागृहातील भाषणाबद्दल संरक्षण आहे. पण तेच भाषण जसेच्या तसे छापणाऱ्या वर्तमानपत्राला तसे वैधानिक संरक्षण नव्हते, आणि दालमियांसारख्या धनिकाने अब्रुनुकसानीचा दावा ठोकला तर संपादकाने काय करावे, हा प्रश्न होता. फिरोज गांधी यांनी खाजगी सभासदाचे विधेयक आणून तो सोडवला. संसदेच्या कामकाजाचा यथातथ्य वृत्तांत दुष्ट हेतूवाचून प्रसिद्ध करणाऱ्याला संरक्षण देणारा कायदा १९५६ साली संमत झाला. खाजगी सभासदाचे विधेयक कायद्यात रूपांतरित होणे आपल्याकडे किती विरळा, हे जाणकारांना सांगायला नको. पुढच्याच वर्षी मुंदडा प्रकरणाची भाषणे देशभरच्या पत्रांनी स्तंभच्या स्तंभ भरून छापली ती या कायद्याच्या आधारावर. मुंबईत ध्वनिक्षेपकाखाली जमलेल्या माणसांना आपण काय ऐकायला आलो आहोत हे आधीच ठाऊक होते, त्याचे कारणही हेच.

हा कायदा डिसेंबर १९७५ मध्ये अध्यादेश काढून रद्द करण्यात आला. आणीबाणी पुकारून तेव्हा सहा महिनेही झाले नव्हते. वृत्तपत्रांवर नियंत्रण आधीच बसलेले होते, विरोधी सभासदांपैकी कित्येक तुरुंगात होते, आणि सरकार होते फिरोज गांधी यांच्या पत्नीचे. १९७७ साली नव्या लोकसभेने तो कायदा पुन्हा आणला, आणि दुसऱ्याच वर्षी चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने त्यातील तत्त्व ३६१-अ या अनुच्छेदाच्या रूपाने संविधानातच घातले, म्हणजे पुन्हा एका रात्रीत अध्यादेशाने ते पुसता येऊ नये. फिरोज गांधी यांच्या संसदीय कामातून काहीच निष्पन्न झाले नाही असे म्हणणाऱ्यांनी एवढेच सांगावे की, सभासदांची तोंडे बंद केलेली असताना, छापखान्यांवर पहारा बसवलेला असताना, वीस वर्षांपूर्वीचा हा निरुपयोगी कायदा मोडल्यावाचून त्या सरकारला स्वस्थता का लाभेना.